ज्याच्या नावानं बोंब, त्याच्या हातची पोळी

यंदाही ती गुलाबी झाडं फुलली. बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या उड्डाणपुलाच्या कडेनं, कंपन्यांच्या कुंपणांबाहेर, पानं टाकून नखशिखान्त गुलाबी झाली. झाडांचा दोष काही नाही. पण त्यांच्याखाली मान वाकडी करून स्वतःचे फोटो काढणारी माणसं पाहिली की मला वीट येतो. परवा एक गृहस्थ रस्त्यावरची फुलं ओंजळीत घेऊन वर उडवत होता, गोळा करत होता, परत उडवत होता, कारण फोटोत ती हवी तशी पडत नव्हती. मागं बस हॉर्न देत उभी होती. मी त्या बसमध्ये होतो.

मला तसा पुष्कळ गोष्टींचा वीट येतो. चहावरच्या सायीचा येतो, लिफ्टमधल्या अत्तराच्या वासाचा येतो, ‘हॅपी होली इन अॅडव्हान्स’ असा निरोप पाठवणाऱ्यांचा येतो. बायको म्हणते, तुमचं नाक जन्मतःच मुरडलेलं आहे. असेल. पण गेलं वर्षभर एका विषयावर आणि एका बाईवर मी चकार शब्द काढलेला नाही. घरात नाही, कचेरीत नाही, मनातल्या मनातसुद्धा जमेल तितका नाही. माझ्यासारख्याला ही सक्तमजुरीच होती. आता फाल्गुन लागला. आमच्या गल्लीच्या नियमाप्रमाणे फाल्गुन लागला की तोंड मोकळं होतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

गल्ली म्हणजे आनेकलची, पेठेमागची. आनेकल इथून बसनं फार लांब नाही, पण मधे इतके गोडाऊन आणि इतक्या ‘व्हिला’ उगवल्या आहेत की गाव कधी सुरू झालं ते कळत नाही. त्या गल्लीत मराठी बोलणारी मोजकी घरं होती. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले, असं बाबा सांगत. आमचं कापडाचं दुकान होतं. बाबा गेल्यावर ते माझ्या आत्यानं, शांतानं, चालवलं. तिनं लग्न केलं नाही. सगळी पेठ तिला शांताक्का म्हणायची, म्हणून मीही आत्या न म्हणता अक्काच म्हणत आलो. शेजारी दत्तूअण्णांचं भांड्यांचं दुकान. दोन्ही परसांच्या मधल्या भिंतीवर एक चिंच ओणवी झालेली. मूळ त्यांच्या बाजूला, फांद्या आमच्या बाजूला, त्यामुळे चिंचा कुणाच्या हे कधीच ठरलं नाही.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गावाकडचं सगळं किती गोड होतं असं लिहिणाऱ्यांचाही मला वीट आला आहे. गोड कसलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, आमच्या गल्लीत गटारातला गाळ घमेल्यानं काढून एकमेकांच्या डोक्यावर ओतत. तो वास चार आंघोळींनी जात नसे. शाईच्या कारखान्यातलं कसलं तरी जांभळं आणून तोंडाला फासत, ते पाडव्यापर्यंत कानामागे टिकायचं. मोठी माणसं पिऊन पडायची. हे सगळं मला तेव्हाही किळसवाणं वाटायचं, आजही आठवलं की घशाशी येतं.

पण वसंत आवडायचा, हेही खोटं नाही. पानगळ झाली की पेठेत दुपारी अचानक ऊन वाढायचं आणि कुठून तरी करंजाच्या फुलांचा मंद वास यायचा. आनेकलात साखरेच्या गाठी मिळत नसत. मग घरोघरी संक्रांतीचे साखरेचे हत्ती आणि पोपट डब्यात जपून ठेवायचे, आणि होळीला-पाडव्याला ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे. तोवर त्यांना डब्यातल्या लवंगेचा वास लागलेला असायचा. गळ्यात घामानं विरघळणारा हत्ती चाटत मी गल्लीभर हिंडायचो. पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर आणि गूळ. रामनवमीला चौकात गुळाचं पानक आणि भिजवलेल्या मूगडाळीची, काकडी घातलेली कोसंबरी, द्रोणातून, फुकट, पुन्हा पुन्हा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला अक्काची आंबेडाळ. कैरी किसताना ती कुणालाच जवळ येऊ द्यायची नाही, कारण प्रत्येकजण येताजाता चिमूटभर उचलायचा आणि शेवटी डाळ उरायची, आंबा नाही.

आणि या सगळ्याच्या आधी होळी. गल्लीच्या तोंडाशी, सांजावताना. कन्नड घरांचा कामण्ण, म्हणजे कामदेवाचा पुतळा, चौकात वेगळा जळायचा, आमची ही छोटी होळी आमची. पुरण तुरीच्या डाळीचं, कारण इथं तसंच करतात. नैवेद्य झाला, नारळ झाला, की बोंबा सुरू. आता बोंब सगळीकडेच मारतात. आमच्या गल्लीत तिला एक शिस्त होती. बोंब नुसती मारायची नाही, नाव घेऊन मारायची. वर्षभरात ज्याच्याविषयी मनात घाण साठली असेल त्याचं नाव घ्यायचं आणि तोंडावर पालथा हात मारत, आगीच्या या बाजूनं, काय ते सगळ्यांदेखत ओरडून सांगायचं. त्यानं आगीच्या त्या बाजूला उभं राहून ऐकायचं. मधे बोलायचं नाही, हसायचं नाही, निघून जायचं नाही. मग त्याची पाळी. दोघांचं झालं की बोंब मारणाऱ्यानं त्याच्या हातची पोळी खायची, त्यानं याच्या हातची. खाल्ली की वर्षभर तो विषय बंद. कुठेही काढायचा नाही, पाठीमागे तर मुळीच नाही. पोळी तोंडात असतानाच दोघांनी म्हणायचं, पुढच्या वर्षी बघतो तुला. तेवढं म्हटलं की होळी झाली.

चौकातली कन्नड मंडळी आमच्या होळीला ‘मराठ्यांची भांडणं’ म्हणायची आणि आपला कामण्ण सोडून ऐकायला यायची.

या खेळातली राजाराणी म्हणजे अक्का आणि दत्तूअण्णा. गटाराचं तोंड, चिंचा, भल्या पहाटे वाजणारा रेडिओ, उधारीवर नेलेलं आणि पोचे पाडून आणलेलं पातेलं. कितीतरी वर्षं एकमेकांच्या नावानं शिमगा. अक्काचा आवाज असा की बसस्टँडवर कंडक्टर वळून बघायचे. दत्तूअण्णांचा बारीक, चिरका, पण टोचणारा. लहानपणी मला वाटायचं की ही दोघं एकमेकांचा मनापासून तिरस्कार करतात. एकदा तापानं अक्का होळीला बाहेर आली नाही, तर दत्तूअण्णा बोंब न मारता आगीशी तसेच उभे राहिले आणि घरी जाऊन जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठा अपमान म्हणजे तुमच्या नावानं कुणीच बोंब न मारणं. म्हणजे तुम्ही कुणाचे कुणीच नाही.

गल्लीतली घरं एकेक करत रिकामी झाली. मीही इथं आलो, हप्त्याच्या फ्लॅटमध्ये, तक्रार कुणाकडे करणार. शेवटी अक्का आणि दत्तूअण्णा एवढीच दोन घरं राहिली, तरी दोघं मिळून घमेल्यात चार गोवऱ्या पेटवत. मग गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळ्यानंतर, दत्तूअण्णांनी घर विकलं. मुलगा बेंगळूरच्या पार पलीकडे, यशवंतपूरला, कांद्याच्या घाऊक धंद्यात आहे, तो त्यांना घेऊन गेला. घर प्लास्टिकच्या पाइपांच्या गोदामासाठी गेलं. नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात चिंच पाडली. अक्काला विक्रीचं कळलं ते करवतीच्या आवाजानं. दत्तूअण्णांनी तिला आधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून अक्का त्यांचं नावही घेत नव्हती. त्यांचा फोन आला तर ती उचलायची नाही. भांडायची तर बात दूरच, कारण भांडायला होळी लागते आणि होळीला दोघं समोरासमोर लागतात. गोदामाच्या ट्रकांमुळे गल्लीच्या तोंडाशी आता जागा उरली नव्हती. म्हणजे गेल्या फाल्गुनात परिस्थिती अशी होती: दोन म्हातारी माणसं, जन्मभराचे शेजारी, शहराच्या दोन टोकांना एकमेकांवर तोंड बांधून बसलेली, आणि ते सोडवायचा त्यांना माहीत असलेला एकमेव मार्ग बंद.

आता सोसायटीकडे येतो. इच्छा नाही, पण येतो.

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीची सेक्रेटरी रेवती. पुण्याची. हुशार, धडपडी, कायम घाईत. गेल्या वर्षी तिनं ठरवलं की होळी ‘गावाकडची’ करायची. ‘स्मॉल टाउन स्प्रिंग’ असं त्याचं नाव. लिफ्टमध्ये तिनं मला गाठलं आणि म्हणाली, काका, तुम्ही तर ओरिजिनल आनेकलचे, काहीतरी रिअल सांगा ना. आणि मी, गाढवानं, नवव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत बोंबेची पद्धत सांगितली. पोळीपर्यंत पोचलोच नाही, तोवर दार उघडलं.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर पत्रक आलं. ‘बोंब चॅलेंज! ओरडा आणि स्ट्रेस घालवा.’ आवाज मोजायचं यंत्र असणार होतं. ज्याचा आकडा मोठा त्याला एअर फ्रायर. खाली बारीक अक्षरात सूचना, की कृपया कोणाचंही नाव घेऊ नये, पॉझिटिव्ह वातावरण राखावं. मी ते वाचलं आणि हातातली पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग सगळ्यांसारखाच त्यावर अंगठा टाकला.

त्याच पत्रकात दुसऱ्या दिवशीचा रेन डान्स होता. फाल्गुनातलं बेंगळूर म्हणजे बोअर आटलेले, टँकरच्या रांगा, नळाला दिवसाआड पाणी. पाणी वाचवायचं म्हणून समितीनं झाडलोट करणाऱ्या बायकांच्या तळघरातल्या मोरीचा नळ बंद करून टाकला होता. त्या बिचाऱ्या बाटल्यांतून घरून पाणी आणायच्या. आणि नाचायला टँकर मागवला जाणार होता. हे कळलं त्या दिवशी मला खरोखरीच मळमळलं. मी ग्रुपवर चांगलं लांबलचक लिहिलं. पुन्हा वाचलं. खोडलं.

अक्काला फोनवर हे सगळं ऐकवलं ते तिनं माझ्यासोबत नाक मुरडावं म्हणून. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, होळी पेटवणार ना? मी म्हटलं, अक्का, तो तमाशा आहे. त्यावर ती म्हणाली,

“असू दे रे. आग आगच असते. मी येते. पण दत्तूला आण.”

मग मी धडपडलो. दत्तूअण्णांच्या मुलाला फोन केला, तो कुरकुरला, वडलांची साखर वाढलेली, गुडघे गेलेले, यशवंतपूरहून इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. पण मागून चिरका आवाज आला, कोण आहे, शांता आहे का, आणि मुलाचा नाइलाज झाला. रेवतीला सांगितलं की आनेकलची दोन ज्येष्ठ माणसं येतील. तिला इतका आनंद झाला की सांगितल्याचा मला पश्चात्तापच झाला.

होळीच्या दिवशी अक्का दुपारच्या बसनं आली. एका पिशवीत पोळ्यांचा डबा, दुसरीत वर्तमानपत्रात बांधलेल्या गोवऱ्या. मी म्हटलं, अक्का, आग ते लोक करणार आहेत, ह्या कशाला. म्हणाली, सुम्ने, उगीच असू देत. तिचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी समोरून ऐकत होतो. तो बसला होता. घशाचं काहीतरी निघालं होतं, गोळ्या चालू होत्या, आणि फोनवर तिनं ते मला कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही खाली गेलो. सजावटीला पत्र्याच्या घागरी, भाड्यानं आणलेली बैलगाडी, आणि तिच्यावर बसून फोटो काढायला रांग. कागदी पेल्यांतून पिवळं काहीतरी ‘पन्हं’ म्हणून वाटत होते, त्याला कैरीचा नव्हे, फरशी पुसायच्या औषधाचा वास होता. मी एक घोट घेतला आणि पेला कुंडीत ओतला. प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांची तोरणं. घोगऱ्या आवाजात ओरडणारा निवेदक. आणि मधोमध होळी. पेव्हर ब्लॉक काळे पडतात म्हणून समितीनं आगीला मनाई केलेली, म्हणून लाकडांच्या मोळीत एक पंखा उलटा बसवलेला, त्याला नारिंगी रेशमी कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या, खालून दिवे. पट्ट्या फडफडत होत्या. लोक त्याच्याभोवती हात शेकल्यासारखे करून फोटो काढत होते.

अक्का तिथं जाऊन उभी राहिली. वाकून खाली बघितलं, वर बघितलं.

“पंख्याला लुगडं नेसवलंय,” ती म्हणाली.

दत्तूअण्णा खुर्चीत आधीच येऊन बसले होते, छातीवर ‘पाहुणे’ असा बिल्ला, पाठीशी मुलगा. त्यांना पाहून ती थांबली, पण पुढे झाली नाही. त्यांनीही हात जोडले नाहीत. दोघंही त्या लुगड्याच्या दोन बाजूंना, नियमाप्रमाणे. निवेदकानं अक्काच्या हातात माइक दिला आणि सांगितलं की आजी आता आपल्याला ट्रॅडिशनल बोंब करून दाखवतील. अक्कानं विचारलं, नाव घेऊ ना? रेवती धावत आली, समजावणीच्या सुरात म्हणाली, नाही आजी, नाव नको, नुसतं ओरडा, खूप फन असतं. अक्कानं माइक परत केला. नाव नाही तर बोंब कुणाला, असं तिनं विचारलं, पण बसलेल्या आवाजात ते पहिल्या रांगेलाही गेलं नाही. यंत्रावर आकडा हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सडका नारळ फुटला तर जसं तोंड फिरवावं लागतं तसं मी फिरवलं. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात.

मी दत्तूअण्णांच्या एका बगलेत हात घातला, अक्कानं त्यांची काठी घेतली, आणि मुलाला घेऊन आम्ही इमारतीच्या मागे गेलो, जिथं टँकर पाणी सोडतो. तिथं गवंड्यांनी टाकलेलं एक घमेलं होतं. अक्कानं गोवऱ्या मांडल्या, कापूर घातला. पेटायला वेळ लागला, मग धूर झाला, आणि मग एक खरी, लहान, हलणारी ज्योत. नैवेद्य दाखवला. तिनं दोन पोळ्या वेगवेगळ्या कागदांत बांधून आणल्या होत्या. एक आपल्याकडे ठेवली, एक दत्तूअण्णांच्या हातात दिली आणि म्हणाली, ही तुझ्या घरची. मग घमेल्याच्या पलीकडे गेली. दत्तूअण्णा मुलाचा हात झटकून, भिंतीला टेकून उभे राहिले.

अक्कानं तोंडावर पालथा हात मारला. आवाज फाटला, पण आला.

“दत्त्या! घर विकलंस, मला नाही सांगितलंस. करवतीकडून कळलं मला. चिंच गेली. चिंचेचं मला काही नाही, पण तू मला नाही सांगितलंस.”

दत्तूअण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मान खाली नाही, नजर बाजूला नाही. मग त्यांची पाळी. त्यांनी तोंडावर पालथा हात मारला.

“शांते! माझा टेंपो निघाला तेव्हा तू दुकानाचं शटर पाडून आत बसलीस. मी कोपऱ्यापर्यंत मागं बघत होतो. अख्ख्या पेठेनं निरोप दिला, तू नाही दिलास.”

बस, एवढंच. कितीतरी महिने कोंडलेलं, आणि ते दोन श्वासांत संपलं. मुलगा साखरेचं काहीतरी बोलत होता, तोवर दत्तूअण्णांनी अक्काच्या हातची पोळी तोंडात घातली होती आणि अक्कानं त्यांच्या हातची. दोघांच्या तोंडात पुरण, त्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत, पण मी ऐकले. पुढच्या वर्षी बघते तुला. पुढच्या वर्षी बघतो तुला.

तेवढ्यात रेवती आली. धुराची तक्रार ग्रुपवर पडली होती, लोक घाबरले होते, तिच्या हातात वॉकीटॉकी. अक्कानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हिच्यावर आहे ना तुझं काही? मी आल्यापासून पुटपुटतोयस. मार.”

मी पन्नाशी ओलांडलेला, कंपनीत हिशेबतपासनीस, घडीच्या शर्टातला माणूस. मला वाटलं आपल्याला जमणार नाही. पण हात आपोआप तोंडावर गेला. पहिली बोंब खोकल्यासारखी निघाली. दुसरी बरी. रेवतीचं नाव घेऊन मी ओरडलो की होळी पंख्याला बांधलीस, माझ्या अक्काच्या तोंडासमोर यंत्र धरलंस, बायकांचा नळ तोडलास आणि उद्या टँकर ओतून नाचणार आहेस. बोलताना मला माझा आवाज बाबांसारखा वाटला. रेवती आधी हसली, कारण तिला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मग तिचं हसू गेलं. निघायला वळली, तर अक्कानं घमेल्याच्या पलीकडून हातानंच थांबवलं. तुझी पाळी आहे पोरी, असं तिला सांगितलं.

रेवतीनं तोंडावर हात नेला नाही. साध्या आवाजात बोलली, पण नजर माझ्यावर रोखून.

“काका, तुम्ही एका मीटिंगला आला नाहीत. ग्रुपवर अंगठा टाकता आणि लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून नाक मुरडता. नळाचं मला आज कळतंय. मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलं की बेसमेंटचा एक एक्स्ट्रा टॅप बंद केलाय, मी ओके म्हटलं. तोंडावर एकदा बोलला असतात ना, तर त्याच दिवशी सुरू केला असता.”

मधे बोलायचं नाही, हसायचं नाही, निघून जायचं नाही. मी उभा राहिलो. धूर डोळ्यांत जात होता, हे एक बरं होतं.

अक्कानं डब्यातून दोन पोळ्या काढून आमच्या हातांत दिल्या. एकमेकांना भरवा म्हणाली. रेवतीनं विचारलं, ही चणाडाळ नाहीये ना, आमच्याकडे असं नसतं. तरी खाल्ली. मीही खाल्ली, थंड, कडेनं वाळलेली. नळ दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. रेन डान्सही झाला, टँकरसकट. मी खिडक्या लावून घेतल्या. पण पोळी खाल्ली होती, त्यामुळे वर्षभर त्याविषयी आणि तिच्याविषयी बोलायची चोरी. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत राहिलो, आणि मला कबूल करायला हवं की वर्षभर ते विचारताना माझं नाक जागेवर होतं.

आता फाल्गुन लागला आहे. रेवतीचं यंदाचं पत्रक आलं आहे. मोठा पडदा, त्यावर चोवीस तास जळणारी होळी. माझं नाक पुन्हा वर चढलं आहे, आणि या खेपेला मी मीटिंगला जाऊन बसलो, तिथं सगळ्यांदेखत सांगितलं की हे ओंगळ आहे. मतदान झालं. पडदा जिंकला. तरी मागच्या बाजूला, टँकरच्या जागी, एक घमेलं ठेवायची परवानगी मिळाली, रेवतीनंच ती लिहून घेतली.

दत्तूअण्णा थंडीत गेले. झोपेत. अक्काला मी जाऊन सांगितलं, तेव्हा ती कापडाचा गठ्ठा घडी घालत होती. घडी पूर्ण केली, गठ्ठा फळीवर ठेवला, आणि मग शटर पाडलं.

काल तिचा फोन आला. गोवऱ्या थापून झाल्या म्हणाली. आवाज आणखी आत गेला आहे, दर वाक्याला पाणी पिते. दत्तू गेला, आता कुणाच्या नावानं मारू, सांग, असं तिनं विचारलं. मग तीच म्हणाली.

“तुझ्याच मारते, सरी? चालेल ना? समोर उभा राहा. आणि तुझं माझ्यावर काय आहे ते शोधून ठेव. काही नाही म्हणालास तर पोळी देणार नाही.”

कालपासून शोधतो आहे. मी, ज्याला सायीपासून उड्डाणपुलापर्यंत सगळ्याचा वीट येतो, त्याला या एका बाईविषयी काही सापडत नव्हतं. मग मघाशी भांडी विसळताना सापडलं. होळीचं बोलणं निघालं की, समोर असो की फोन ठेवताना, अक्का शेवटी ठरलेलं वाक्य म्हणते, पुढच्या वर्षी बघते तुला. लहानपणापासून म्हणते, रागावून, हसून, तापात, घसा बसलेला असताना. काल म्हणाली नाही. ठेवते म्हणाली आणि ठेवला.

तेच माझं तिच्यावर आहे. होळीला घमेल्याच्या पलीकडून मी तेवढंच ओरडणार आहे, आणि ती ते वाक्य म्हणेपर्यंत पोळी तोंडात घालणार नाही.